शिकलेले कुत्रे पावसाळ्यात पुन्हा घरात शू करू लागते तेव्हा

जून उजाडला की कुत्रे पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सात-आठ महिने कुत्रे शहाण्यासारखे बाहेर जात होते, घरात थेंबही सांडत नव्हते, आणि आता बघावे तेव्हा पायपुसण्यावर, सोफ्यामागे, नाहीतर थेट गादीवर लघवी केलेली सापडते. रागावले की ते कान पाडून कोपऱ्यात बसते, म्हणजे त्याला आपली चूक कळते, तरीही ते मुद्दाम करते, असे घरच्यांचे म्हणणे असते. या तक्रारीतला पहिला भाग पूर्णपणे खरा असतो. ‘मुद्दाम’ हा शब्द मात्र खरा नसतो. तो शब्द मनातून काढल्याखेरीज पुढची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘घर’ आणि ‘बाहेर’ हा भेद कुत्र्याला आपल्यासारखा कळत नाही. पिल्लू साधारण आठ-नऊ आठवड्यांचे असताना पायाखाली जे लागते, माती, गवत, कागद किंवा कापड, त्याची त्याला सवय लागू लागते. पुढे आपण शिकवतो तेव्हा ते एक अख्खी साखळी शिकते : सकाळी दूध तापते त्या सुमारास पट्टा अडकवला जातो, जिना उतरायचा, कुंपणाच्या भिंतीलगतच्या मातीला नाक लावायचे, कालचा आपलाच वास लागला की दोनदा गोल फिरायचे आणि बसायचे. पाऊस या साखळीच्या तीन-चार कड्या एकदम तोडतो. वास धुऊन जातो, मातीचा चिखल होतो, पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत असतो आणि पट्टा धरणारे माणूस एका हातात छत्री सांभाळत ‘चल लवकर’ म्हणून घाई करत असते. यांतली कोणती कडी आपल्या कुत्र्याच्या बाबतीत तुटली आहे, हे शोधणे म्हणजेच या समस्येचे निवारण होय.

आमच्याकडे चिंगी नावाची देशी कुत्री आहे आणि आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती अकरा महिन्यांची असताना पाऊस लागला आणि तिसऱ्याच दिवशी गॅलरीच्या दाराशी असलेले पायपुसणे ओले सापडले. ती पावसाला घाबरते, असे आम्ही धरून चाललो. एका सकाळी सहाच्या सुमारास मी तिला खाली नेले आणि घाई न करता नुसता उभा राहिलो. पार्किंगचे छप्पर जिथे संपते आणि पागोळ्या पडतात, तिथे ती थांबली, उजवा पुढचा पाय वर उचलून तसाच धरला आणि कान मागे घेतले. तिची नजर पावसाकडे नव्हती, फाटकाकडे होती. वॉचमनच्या खोलीशेजारी कोरड्या गोणपाटावर रस्त्यावरची तीन कुत्री अंगाचे मुटकुळे करून झोपलेली होती. एरवी ती कुत्री रस्त्यापलीकडे असतात. पावसाने त्यांना आमच्या आडोशाला आणले होते आणि चिंगीची नेहमीची जागा त्यांच्या पलीकडे होती. त्या दिवसापासून आम्ही मागच्या दाराने जाऊ लागलो, तेव्हा त्याच पावसात, चिखलात पाय बुडवून ती निमूट बसली. घरातले प्रमाण चार दिवसांत निम्म्यावर आले. उरलेले निम्मे का थांबत नव्हते, याचे कारण पायपुसण्यात होते. ते पुढे सांगतो.

आधी तीन दिवस वही

काहीही बदलण्यापूर्वी तीन दिवस नोंद ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. घरात जिथे जिथे लघवी सापडली ती जागा, वेळ, त्याआधीच्या तासाभरात काय घडले, किती झाली, आणि करताना पाहिले असेल तर कुत्रे कसे बसले किंवा उभे राहिले, एवढे लिहावे. सोबत जेवणाच्या आणि बाहेर नेण्याच्या वेळाही लिहाव्यात. घरात आजी दिवसभर असतील तर वही त्यांच्या हाताशी ठेवावी, कारण खरी माहिती त्यांच्याकडे असते. नोकरीवरून रात्री परतलेल्या माणसाला फक्त डाग दिसतो.

ही वही वाचायला शिकले की बरेचसे कोडे सुटते. भरपूर लघवी, बाहेरून परतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, एकाच जागी, असे असेल तर कुत्र्याने बाहेर केलेच नव्हते. थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या जागी आणि बसल्यावर जोर करून, असे असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. झोपून उठल्यावर अंथरुणावरच ओला गोल दिसतो आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो, तेव्हा ती गळती असते, सवय नसते. दाराची चौकट, पडद्याची कड, नव्या पाहुण्यांची बॅग अशा उभ्या वस्तूंवर पाय वर करून चार थेंब उडवले असतील तर ती आपल्या हद्दीची खूण आहे. ती वयात आलेल्या नरांमध्ये जास्त दिसते, आणि माजावर येण्याच्या सुमारास माद्याही तसे करतात. कोणी वाकून हात पुढे केला की पिल्लू दबून, शेपटी आत घेऊन लघवी सोडते, तेव्हा ते ‘मला मारू नका’ असे सांगत असते. अशा पिल्लावर ओरडले की हा प्रकार वाढतोच. घरात कोणी नसतानाच होते आणि दाराजवळ लाळ सांडलेली, दरवाजा खरवडलेला दिसतो, तर मूळ दुखणे एकटेपणाची भीती हे आहे आणि त्याचा इलाज पूर्णपणे वेगळा आहे. या लेखात मी मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी लिहितो आहे, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात शिकवणीला हातही लावू नये, आधी पशुवैद्याकडे जावे.

दवाखाना आधी, शिकवणी नंतर

लघवीचा नमुना तपासायला फार खर्च येत नाही आणि त्यातून महिनाभराची पायपीट वाचू शकते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या, लांब दांड्याच्या पळीत धरावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओतून लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचवावी. माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग नरांपेक्षा अधिक आढळतो, कारण त्यांची मूत्रनलिका आखूड असते. नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये पुढे मूत्रनलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो आणि झोपेत गळती होते. ती औषधाने सहसा आटोक्यात येते. नसबंदी न झालेली मादी माज संपल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत अचानक खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाणे सोडले, मागून स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते आणि तेव्हा सकाळची वाट पाहू नये. काही वेळा गर्भाशयाचे तोंड बंद असल्यामुळे स्राव बाहेर येतच नाही, म्हणून केवळ स्राव नाही या आधारावर निर्धास्त राहू नये. गोचिडांच्या तापातही लघवी गडद, कॉफीच्या रंगाची होऊ शकते. तसा रंग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पाणी मोजणे हा घरच्या घरी करता येणारा सर्वांत उपयोगी तपास आहे. सकाळी बाटलीने मोजून वाडग्यात पाणी घालावे आणि चोवीस तासांनी उरलेले मोजावे. निरोगी कुत्रे दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. उन्हाळ्यात किंवा नुसत्या कोरड्या खाद्यावर असेल तर थोडे अधिक. हा आकडा किलोमागे १०० मिलिलिटरच्या पुढे गेला, म्हणजे २० किलोचे कुत्रे दोन लिटरपेक्षा जास्त पिऊ लागले, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा संप्रेरकांचा बिघाड यांची तपासणी करून घ्यावीच लागते. मात्र जास्त पिते म्हणून पाणी तोडू नये; आजारी कुत्र्याच्या बाबतीत ते जीवावर बेतू शकते.

पावसाळ्याशी थेट जोडलेले आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दमट हवेत कुत्र्यांना खाज सुटते, पोटाखाली आणि पंजांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठतात आणि खाज थांबवण्यासाठी काही वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्यांनी तहान वाढते आणि लघवीही वाढते. ओळखीच्या एका घरातल्या आठ वर्षांच्या लॅब्रेडॉरला नेमके हेच झाले होते. घरचे त्याला आठवडाभर रागावत होते, तो बिचारा दर तीन तासांनी दाराशी जाऊन उभा राहत होता आणि कोणाला त्याचा अर्थ लागत नव्हता. गोळ्यांची तारीख वहीतल्या पहिल्या डागाशी जुळली तेव्हा उलगडा झाला. अशा वेळी गोळ्या स्वतःहून एकाएकी बंद करू नयेत, कारण त्या टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्या लागतात; डॉक्टरांशी बोलावे आणि तोपर्यंत बाहेर नेण्याच्या खेपा वाढवाव्यात. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत तर मी आणखी सावकाश विचार करायला सांगेन. गुळगुळीत लादीवर मागचे पाय घसरतात, सांधे दुखतात, म्हणून ते उठायचे टाळते. किंवा वयाने बुद्धी मंदावते आणि दार कुठे आहे हेच ते विसरते. दहा वर्षे आपल्या दाराशी बसलेल्या जीवाला त्या वयात शिकवणी नको असते. त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंत न घसरणारी सतरंजी आणि दोन जादा फेऱ्या एवढे पुरते.

फरशी पुसली, वास राहिला

आता पायपुसण्याकडे येतो. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते आणि आपल्याला फिनाईलचा घमघमाट येत असतो तेव्हा त्याला त्याखालचा कालचा वासही स्पष्ट लागतो. तो वास त्याला ‘ही जागा’ असे सांगत राहतो. आम्ही पायपुसणे रोज फिनाईलच्या पाण्यातून काढून उन्हाच्या तिरिपेत वाळत घालत होतो, पण पावसात ते पुरते वाळतच नव्हते. अर्धवट ओले तसेच पुन्हा दाराशी पडत होते. शिवाय ते मऊ आणि शोषून घेणारे. चिंगी पिल्लू असताना तिला जुन्या चादरीच्या तुकड्यावर बसायला आम्हीच शिकवले होते. म्हणजे जागा, स्पर्श आणि वास, या तिन्ही बाजूंनी आम्ही तिला तिथेच बोलावत होतो.

म्हणून पुसण्याचा क्रम पाळावा. ताज्या लघवीवर आधी जुने वर्तमानपत्र दाबून ती टिपून घ्यावी, घासू नये, कारण घासल्याने ती लाद्यांच्या सांध्यांत शिरते. मग साध्या पाण्याने दोनदा पुसावे. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण डागापेक्षा वीतभर मोठ्या भागावर ओतून डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटे, ते ओलेच राहू द्यावे आणि मग टिपावे. आधी फिनाईल किंवा ब्लीच फिरवून नंतर हे द्रावण घातले तर त्याचा परिणाम मारला जातो, आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना हे कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे बाटली महाग घेऊनही उपयोग झाला नाही असे वाटते. त्या भागापुरते फिनाईल काही आठवडे बंद ठेवावे. काळ्या फिनाईलमधले फिनॉलजन्य पदार्थ पंजे चाटणाऱ्या प्राण्याला तसेही अपायकारक असतात. घरात मांजर असेल तर ते वापरूच नये. लघवीवर ब्लीच ओतू नये, कारण लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा विषारी वायू निर्माण होतो. अमोनिया असलेली काच पुसायची द्रावणेही टाळावीत. तो वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो.

एन्झाइमचे द्रावण मिळाले नाही तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलेले बऱ्यापैकी चालते, पण ते फक्त चिनी मातीच्या टाइल्सवर. संगमरवर, कोटा, कडप्पा आणि जुन्या घरांतली शहाबादी फरशी हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आम्लाने त्यांची झिलई जाते आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन लघवी अधिकच मुरते. जुने डाग शोधण्यासाठी रात्री दिवे बंद करून नोटा तपासण्याची जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी फरशीवरून फिरवावी. वाळलेली लघवी फिकट पिवळसर चमकते. आमच्या सोफ्याच्या मागे असे पाच डाग निघाले, त्यांतले दोन आम्हाला माहीतच नव्हते. चमकणारी प्रत्येक गोष्ट लघवीच असते असे नाही, साबणाचे पुटही चमकते, तेव्हा नाकाने खात्री करून घ्यावी.

पायपुसणी, छोटे गालिचे, खाली लोंबणारी चादर, सारे काही निदान सहा आठवडे उचलून ठेवावे. गादीवर जाड प्लास्टिक घालावे किंवा त्या खोलीचे दार बंद ठेवावे. आणि पावसाळ्यात लघवी पुसताना हातमोजे घालावेत. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाधित प्राण्याच्या लघवीतून पसरतात, मुंबई-ठाण्यात आणि कोकणात दरवर्षी त्याचे रुग्ण निघतात, आणि साचलेल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. ती पाऊस सुरू होण्याआधी दिलेली बरी. डबक्यातले पाणी त्याला पिऊ देऊ नये आणि घरी आल्यावर पंजे धुऊन कोरडे करावेत.

बाहेर का करत नाही

अर्धा तास फिरवले तरी करत नाही आणि घरात पाऊल टाकताच करते, हे ऐकले की लोकांना चीड येते, आणि ती मी समजू शकतो. पण एकदा कुत्र्याच्या बाजूने पाहावे. आपण त्याला खाली नेतो, ते बसते, आणि बसल्याबरोबर आपण ‘झाले ना, चल’ म्हणून मागे फिरतो. पावसात तर हे हटकून घडते. कुत्र्याने यातून शिकायचे ते शिकून घेतलेले असते : लघवी केली की फिरणे संपते. मग ते धरून ठेवते. याची दुरुस्ती सोपी आहे, पण भिजावे लागते. केल्यानंतर निदान पाच मिनिटे त्याला आवडेल तसे हुंगू द्यावे, आणि पाऊस कोसळतच असेल तर पार्किंगमध्ये दोरीचा खेळ खेळावा. फिरणे हे लघवीनंतरचे बक्षीस झाले पाहिजे, आधीचे नव्हे. म्हणून खाली उतरल्यावर आधी ठरलेल्या जागी पाच-सात मिनिटे स्थिर उभे राहावे आणि काम झाल्यावरच पुढे निघावे.

खाऊ बाहेरच, जागेवरच द्यावा, आणि ते उठते न उठते तोच द्यावा. वर घरी आल्यावर दिलेले बिस्कीट म्हणजे जिना चढल्याचे बक्षीस होते. उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे खिशातल्या डबीत ठेवावेत; रोजचे कोरडे खाद्य अशा वेळी फारसे भुरळ घालत नाही. ते बसलेले असताना मध्येच उत्साहाने शाबासकी देऊ नये, कारण पुष्कळ कुत्री अर्ध्यावर सोडून आपल्याकडे धावतात आणि उरलेले घरी येऊन करतात. ते बसत असताना शांतपणे एकच शब्द म्हणावा, ‘शू कर’ किंवा आपल्या घरात जो असेल तो. दोन-तीन आठवड्यांत तो शब्दच त्याला आठवण देऊ लागतो, आणि पावसाची उघडीप जेमतेम पाच मिनिटांची असते तेव्हा त्या शब्दाची किंमत कळते. मात्र तो शब्द सर्वांचा एकच असावा. बाबा ‘शू’ म्हणतात, मुलगी ‘गो’ म्हणते आणि आजोबा नुसतेच चुचकारतात, अशा घरात कुत्र्याला तीन भाषा शिकाव्या लागतात.

जागा बदलायची असेल तर वास सोबत न्यावा. आम्ही चिंगीची लघवी टिपलेला वर्तमानपत्राचा तुकडा मागच्या दाराजवळच्या नारळाच्या बुंध्याशी मातीत दाबून ठेवला आणि रोज तिथेच थांबलो. छपराखालची, भिंतीलगतची, पागोळ्यांच्या आत राहणारी मातीची पट्टी मिळाली तर सर्वांत उत्तम. रेनकोट घालायचा असेल तर तो आधी घरात, कोरड्या दिवशी, खाऊ देत देत अंगाला सवयीचा करावा. काही कुत्री रेनकोट अंगावर पडला की पुतळ्यासारखी थिजतात आणि मग लघवीचा प्रश्नच उरत नाही.

वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून

निवारण चालू असताना कुत्र्याला काही काळ पिल्लू समजावे. पिल्लाची धरून ठेवण्याची क्षमता ढोबळमानाने वयाच्या महिन्यांत एक मिळवून येणाऱ्या तासांइतकी धरतात, म्हणजे तीन महिन्यांचे पिल्लू फार तर चार तास, तेही झोपेत. जागे आणि खेळत असेल तर त्याहून बरेच कमी. मोठ्या कुत्र्यालाही आठ तासांपेक्षा अधिक ताटकळत ठेवू नये. उठल्याबरोबर, जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर, पाहुणे येऊन गेल्यावर आणि झोपण्यापूर्वी, या वेळा चुकवू नयेत. जेवण ठरल्या वेळी द्यावे आणि पंधरा मिनिटांनी वाडगा उचलावा. दिवसभर भरलेला वाडगा समोर असेल तर शौचाच्या वेळेचा अंदाज बांधताच येत नाही. पाणी मात्र नेहमी समोर असावे.

मधल्या वेळात कुत्रे नजरेआड जाऊ देऊ नये. स्वयंपाक करताना पट्ट्याची दोरी कमरेला बांधावी किंवा ओट्यापासून सुरक्षित अंतरावर टेबलाच्या पायाला अडकवावी. जमिनीला नाक लावून गोल फिरणे, एकाएकी खेळ सोडून निघून जाणे, दाराकडे पाहून परत येणे, या खुणा दिसल्या की लगेच न्यावे. करताना प्रत्यक्ष सापडले तर टाळी वाजवून ‘चल, चल’ म्हणत बाहेर न्यावे आणि उरलेले बाहेर केले तर खाऊ द्यावा. नंतर सापडलेल्या डागावर काहीही बोलू नये, मुकाट्याने पुसावे.

नाक डागावर घासणे, वर्तमानपत्राची सुरळी आपटणे हे उपाय आजही वडीलधारे सांगतात आणि सांगताना त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण कुत्रे त्यातून ‘घरात करू नये’ हे शिकत नाही, ‘माणसासमोर करू नये’ हे शिकते. मग ते सोफ्यामागे करते, आणि त्याहून वाईट म्हणजे पट्टा धरून आपण शेजारी उभे असताना बाहेरही करत नाही. कान पाडून अपराधी चेहरा करण्याबद्दलही सांगायला हवे. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, आणि मालकाला काय सांगण्यात आले, हे त्यात मुद्दाम वेगवेगळे ठेवले होते. तो अपराधी चेहरा कुत्र्याच्या कृत्याशी नव्हे, मालकाच्या रागावण्याशी जुळला. काहीही न केलेली कुत्रीही रागावल्यावर तशीच दिसली. आपल्याला जो पश्चात्ताप वाटतो ती भीती असते. चिंगीला मीही पहिल्या आठवड्यात दोनदा खडसावले होते, आणि त्या दोन दिवशी तिने खाली माझ्यासमोर बसायचे नाकारले हे वहीत स्पष्ट दिसते.

गॅलरीतली पर्यायी जागा

मुसळधार पाऊस तीन दिवस थांबत नाही, घरी एकट्या आजी आहेत, लिफ्ट बंद आहे, अशा दिवसांसाठी गॅलरीत एक ट्रे ठेवायला माझी हरकत नाही, उलट मी तो सुचवतो. मात्र बाजारात मिळणाऱ्या मऊ पॅडऐवजी उथळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माती घालून त्यावर हिरवळीचा तुकडा बसवावा, किंवा नुसती माती आणि वाळू घालावी. पॅडचा स्पर्श पायपुसणे, गालिचा आणि गोधडी यांच्या फार जवळ जातो; मातीचा तसा जात नाही. ट्रे नेहमी एकाच कोपऱ्यात असावा, कुत्र्याला तिथे पट्टा लावूनच न्यावे, तोच शब्द म्हणावा, तसाच खाऊ द्यावा. वरची माती दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, पण मूठभर जुनी ठेवावी.

घरात सलग चार आठवडे एकही डाग सापडला नाही की एक खोली उघडावी, मग आठवड्याने दुसरी. पायपुसणी सर्वांत शेवटी, आणि तीही नवी. मध्ये एखादा डाग पडला तर घाबरू नये, शेवटची उघडलेली खोली बंद करून पुन्हा आठवडाभर थांबावे. पाऊस सरताना बहुतेक कुत्री आपली आपण जुन्या जागी परततात आणि घरच्यांना वाटते की प्रश्न संपला. त्याच सुमारास फटाके सुरू होतात आणि तीच साखळी दुसऱ्या कडीशी तुटते. त्या दिवसांत संध्याकाळची फेरी अंधार पडण्याआधी उरकावी, रात्रीची फेरी आवाज थांबल्यावर करावी, पट्टा दुहेरी आणि घट्ट असावा, कारण दचकलेले कुत्रे गळ्यातून पट्टा काढून पळते. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत फटाके अधूनमधून वाजतच राहतात, म्हणून गॅलरीतला मातीचा ट्रे तोवर जागचा हलवू नये.